ताप उतरला, सांधे मात्र धरले : वाचकांचे प्रश्न आणि संधिवाततज्ज्ञांची उत्तरे

पावसाळा सरला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. तापाबद्दल विचारणारी पत्रे कमी होतात आणि ताप गेल्यावर मागे राहिलेल्या दुखण्याची पत्रे येऊ लागतात. या वेळी त्यांतली चार पत्रे घेतली आहेत. पहिले उत्तर लांबले आहे, कारण त्या एका पत्रात पुष्कळांचे प्रश्न आले आहेत.

प्रश्न : माझे वय ४९ असून मी घरी शिवणकाम करते. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत घरोघरी तापाची साथ होती. आमच्याकडे चौघांना ताप आला आणि तपासणीत चिकनगुनिया निघाला. बाकीचे तिघे पंधरा दिवसांत कामाला लागले. माझाही ताप चार दिवसांत उतरला, पण आज सात महिने झाले तरी सकाळी मूठ वळत नाही, कात्री धरवत नाही, भाकरी थापायला बसले की मनगटात कळ येते. दहा वाजेपर्यंत हात जरा मोकळे होतात. मध्ये दोनदा सांधे पुन्हा सुजले, तेव्हा चिकनगुनिया परत झाल्याचे सांगण्यात आले. आरए फॅक्टर वाढलेला आला म्हणून एका डॉक्टरांनी आमवात ठरवला. दुसरे म्हणाले, वर्षभर दुखणारच, सहन करा. कोणीतरी आणून दिलेल्या पुडीने दोन तासांत बरे वाटते, मात्र पुडी थांबवली की चौथ्या दिवशी सगळे पूर्ववत होते. विषाणू माझ्या अंगात अजून आहे का? आणि चौघांत मलाच हे का झाले?
— एक वाचक भगिनी, लातूर जिल्हा

उत्तर : आपल्या पत्रातला सर्वांत सोपा मुद्दा आधी निकालात काढतो. आपल्याला चिकनगुनिया पुन्हा झालेला नाही. हा आजार एकदा होऊन गेला की त्याविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती बहुतेकांना जन्मभर पुरते. मध्ये दोनदा सांधे सुजले तो त्याच जुन्या दुखण्याचा उफाळा होता. घोटाळा होतो तो रक्ततपासणीमुळे. या विषाणूविरुद्धची आयजीएम जातीची प्रतिपिंडे (संसर्गाशी लढायला शरीर बनवते ती प्रथिने) ताप गेल्यावरही कित्येक महिने रक्तात सापडतात; त्यामुळे सहाव्या महिन्यात तपासणी केली आणि ती ‘पॉझिटिव्ह’ आली, तर तेवढ्यावरून नवा संसर्ग सिद्ध होत नाही. या तपासणीवर पुन्हा पैसे खर्च करू नयेत.

हा आजार आपल्याकडे नवा नाही. टांझानियाच्या दक्षिण भागात १९५२-५३ साली त्याची साथ प्रथम नोंदली गेली आणि तिथल्या माकोंडे भाषेतल्या, ‘वाकवून टाकणारा’ अशा अर्थाच्या शब्दावरून त्याला नाव मिळाले. रुग्णाला चालताना पाहिले की ते नाव किती नेमके आहे हे कळते. भारतात तो १९६३ साली कोलकात्यात आढळला. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९७३ साली त्याची साथ आली आणि त्यानंतर ३२ वर्षे देशात तो जवळजवळ दिसेनासा झाला. २००५ च्या अखेरीस तो परतला आणि २००६ या एका वर्षात देशभरात सुमारे १४ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. सर्वाधिक कर्नाटकात आणि त्याखालोखाल महाराष्ट्रात. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात आणि नागपुरात पुन्हा मोठ्या प्रमाणावर रुग्ण आढळले. मधल्या तीस-बत्तीस वर्षांत डॉक्टरांची एक अख्खी पिढी हा रोग न पाहताच तयार झाली. ‘व्हायरल आहे, जाईल’ असे म्हणून रुग्णाला परत पाठवण्याची सवय त्यातूनच लागली असावी, असे मला वाटते.

आता सांध्याच्या आत काय चालते ते पाहू. ताप असताना विषाणू रक्तात भरपूर असतो आणि सांध्याच्या अस्तरापर्यंत, स्नायूबंधांच्या आवरणांपर्यंत पोहोचतो. त्याला हटवण्यासाठी पांढऱ्या पेशी तिथे धावतात आणि दाह निर्माण करणारी रसायने सोडतात; सूज आणि ठणका येतो तो या लढाईमुळे. एरवी आठवडा-दोन आठवड्यांत शत्रू संपतो आणि पेशी माघारी फिरतात. काही रुग्णांत मात्र त्या फिरत नाहीत. का फिरत नाहीत, याविषयी संशोधकांत अजून मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंना पुरावा आहे. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या मोठ्या साथीनंतर एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरातील पेशींमध्ये दीड वर्षाने विषाणूचे अवशेष सापडले होते. उलट कोलंबियातल्या रुग्णांच्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जवळपास दोन वर्षे सांधे दुखत असलेल्या लोकांच्या सांध्यातले पाणी तपासले असता त्यात विषाणू मिळाला नाही. म्हणजे कुठे उरलेसुरले अवशेष दाह पेटता ठेवत असतील, तर कुठे विषाणू कधीच निघून गेला असून प्रतिकारयंत्रणा आपणहून तापलेली राहिली असेल. ‘विषाणू अंगात आहे का’ या आपल्या प्रश्नाचे व्यवहारातले उत्तर असे, की जिवंत, वाढणारा आणि दुसऱ्याला लागू शकणारा विषाणू सात महिन्यांनी आपल्या अंगात नाही. आपल्याजवळ बसल्याने घरातल्यांना काही होणार नाही. आणि विषाणू मारणाऱ्या औषधाची आता गरजही नाही. उपचार करायचा आहे तो दाहावर.

तर मग हा आमवात, म्हणजे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटण्याचा आजार, आहे का? आरए फॅक्टर (रक्तातले एक प्रतिपिंड) वाढलेला असणे म्हणजे आमवात असे समीकरण आपल्याकडे फार घट्ट बसले आहे आणि ते चुकीचे आहे. हा घटक विषाणूजन्य तापानंतर काही काळ वाढू शकतो, हिपॅटायटिस सी सारख्या जुन्या संसर्गात वाढतो, आणि उतारवयातल्या काही निरोगी माणसांतही सापडतो. त्याहून भरवशाची तपासणी अँटी-सीसीपी ही आहे. ती जोरदार पॉझिटिव्ह असेल तर खऱ्या आमवाताची शक्यता बळावते. क्वचित असेही होते, की आमवात आधीच दबा धरून बसलेला असतो आणि तापाच्या निमित्ताने उघडा पडतो. ती निगेटिव्ह असेल तर चिकनगुनियोत्तर सांधेदाह असे म्हणणे अधिक रास्त. मात्र कोणत्याही कागदापेक्षा हात पाहणे महत्त्वाचे आहे. निरोगी माणसाने मूठ वळली की बोटांच्या मुळाशी उंचवटे आणि त्यांच्यामध्ये खळगे दिसतात. दाह असलेल्या हाताचे खळगे भरून आलेले असतात. हस्तांदोलन करताना पंजा दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला आणि माणसाने ‘आई गं’ म्हणत हात मागे घेतला, तर निम्मे निदान तिथेच होते. सकाळी अर्ध्या तासाहून अधिक वेळ सांधे आखडलेले असणे आणि हालचालीने मोकळे होत जाणे, हे झिजेपेक्षा दाहाचे लक्षण आहे. आपले ‘दहा वाजेपर्यंत’ हे दोन शब्द मला आरए फॅक्टरच्या आकड्यापेक्षा जास्त सांगून गेले.

एक बारीकशी गोष्ट विचारतो. तापानंतर आपल्या नाकाच्या शेंड्यावर काळसर डाग पडला होता का? चिकनगुनियानंतर पुष्कळ रुग्णांच्या नाकावर असा डाग उमटतो आणि काही महिन्यांत फिका होतो. तपासणीचे कागद हरवलेल्या रुग्णांच्या बाबतीत त्या डागाने मला अनेकदा मदत केली आहे.

पुडीबद्दल मात्र स्पष्टच लिहितो. दोन तासांत मूठ वळू लागणे आणि बंद केल्यावर चौथ्या दिवशी सगळे उलटणे, हे वर्णन वेदनाशामक आणि स्टेरॉइड यांच्या मिश्रणाशी तंतोतंत जुळते. पुडीत नेमके काय आहे हे मी इथे बसून सांगू शकत नाही, पण चेहरा गोल होणे, भूक एकाएकी वाढणे, रक्तदाब किंवा साखर चढणे यांपैकी काही झाले असेल तर शंकेला फारशी जागा उरत नाही. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. आम्हीही ते देतो. पण मोजून, ठरावीक दिवसांसाठी आणि पायरीपायरीने कमी करत. कित्येक आठवडे घेतलेले स्टेरॉइड एका दिवसात तोडणे धोक्याचे असते, कारण शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे थांबवलेले असते. त्यामुळे हे वाचून पुडी आजच फेकून देऊ नका; पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

उपचाराचा क्रम साधारण असा असतो. पहिल्या आठवड्यात पॅरासिटामॉल आणि विश्रांती. डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत इतर वेदनाशामके टाळावीत, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. त्यानंतर दुखणे रेंगाळले तर काही आठवडे सूज उतरवणाऱ्या गोळ्या, त्याही मूत्रपिंड आणि जठर सांभाळून. तीन महिने उलटूनही सांधे सुजत असतील तर दुखणे जुनाट झाले असे मानून मूळ दाह रोखणाऱ्या औषधांकडे वळावे. मलेरियाची क्लोरोक्विन जातीची औषधे आपल्याकडे या दुखण्यावर सर्रास दिली जातात. परंतु सुरुवातीच्या टप्प्यात क्लोरोक्विन साध्या वेदनाशामकापेक्षा सरस नाही, असे पुण्यातल्या एका चाचणीत दिसले. उलट केरळातल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जुनाट चिकनगुनिया सांधेदाहाच्या रुग्णांना एकट्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनपेक्षा मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन एकत्र दिल्याने अधिक आराम पडला. चाचणी लहान होती, पण माझा अनुभव तिच्याशी जुळतो. आपण सातव्या महिन्यात आहात. ‘सहन करा’ हा सल्ला या टप्प्यावर मला मान्य नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी संधिवाततज्ज्ञ नसतील तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन विभागात हात दाखवावेत. रात्री बोटांना मुंग्या येत असतील तर तेही आवर्जून सांगावे, कारण मनगटातल्या सुजेने तिथली नस दाबली जाते आणि शिवणकाम करणाऱ्यांना ते लवकर जाणवते.

राहिला ‘मलाच का’ हा प्रश्न. पंचेचाळिशीपुढचे वय, स्त्री असणे, पहिल्या आठवड्यातला तीव्र आजार आणि आधीपासून असलेले सांध्यांचे दुखणे, या गोष्टींनी दुखणे रेंगाळण्याची शक्यता वाढते. त्यापुढे अनुवंशाचा आणि नशिबाचा भाग आहे. याचे टोकाचे उदाहरण म्हणजे एपस्टाइन-बार विषाणू. जगातल्या १०० पैकी सुमारे ९५ प्रौढांना तो कधी ना कधी होऊन गेलेला असतो. अमेरिकी लष्करातल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या नोंदींवरून २०२२ साली असे दिसले, की मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजाराचा धोका हा संसर्ग झाल्यानंतर सुमारे ३२ पटींनी वाढतो. तरीही संसर्ग झालेल्या हजारोंपैकी एखाद्यालाच तो आजार होतो. आपण गोडेतेल खाल्ले, थंड पाण्यात कपडे धुतले किंवा तापात उठून काम केले म्हणून हे झाले, असे कोणी म्हणत असेल तर ते मनावर घेऊ नका.

प्रश्न : माझ्या मुलीला, वय २८, तापानंतर सांधेदाह झाला. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिले आहे. औषध देताना दुकानदार म्हणाला, ‘हे तर कॅन्सरचे औषध.’ तेव्हापासून ती गोळीला हात लावत नाही. तिचे नुकतेच लग्न झाले आहे. काय करावे?
— एक आई, सांगली

उत्तर : दुकानदार खोटे बोलला नाही, अर्धवट बोलला. हे औषध १९४० च्या दशकाच्या अखेरीस रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनातून पुढे आले. त्या संशोधनात आंध्रातल्या भीमावरमचे सुपुत्र यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा मोठा वाटा होता. कर्करोगासाठी त्याची मात्रा प्रचंड असते. सांध्यांसाठी आठवड्यातून एकदाच साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम देतात आणि इतक्या कमी मात्रेत ते पेशी मारण्याऐवजी दाह शांत करते. आमवातावर या औषधाला अमेरिकेत १९८८ साली अधिकृत मान्यता मिळाली आणि आज ते जगभर पहिल्या पसंतीचे औषध आहे.

त्याचा खरा धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. ही गोळी रोज घेण्याची चूक जिवावर बेतते. तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, आणि हे सगळे आठ-पंधरा दिवसांत घडते. म्हणून मी चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ एवढेच न लिहिता वार लिहितो आणि रुग्णाकडून तो मोठ्याने म्हणवून घेतो. ‘सोमवार’ म्हटल्यावर शेजारी बसलेल्या नवऱ्यालाही विचारतो, ‘कोणता वार?’ फॉलिक अॅसिडची गोळी दुसऱ्या वारी. दोन्ही गोळ्या पिवळ्या निघाल्या तर एका डबीला लाल दोरा बांधायला सांगतो. सुरुवातीला दर महिन्याला आणि पुढे दोन-तीन महिन्यांनी रक्तपेशींची आणि यकृताची तपासणी करावी लागते. औषध सुरू करण्यापूर्वी हिपॅटायटिस बी व सी आणि छातीचा एक्स-रे पाहून घेतात. दारू अर्थातच वर्ज्य.

आपल्या मुलीच्या बाबतीत महत्त्वाचे ते हे, की गर्भारपणात मेथोट्रेक्सेट मुळीच चालत नाही. मूल हवे असेल तर दिवस राहण्याच्या किमान तीन महिने आधी ते बंद करावे लागते आणि तोवर संततिनियमन काटेकोर असावे लागते. हे तिला कोणी सांगितले होते का, असा प्रश्न मला पत्र वाचताना पडला. नव्याने लग्न झालेल्या मुलीला सासरच्या माणसांसमोर हे विचारायला डॉक्टरही संकोचतात आणि तीही बोलत नाही. तिला एकटीने डॉक्टरांशी बोलू द्यावे. लवकर मूल हवे असेल तर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासॅलाझिन ही गर्भारपणात चालणारी औषधे आहेत. निवड तिच्या बेताप्रमाणे होऊ शकते.

प्रश्न : जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता भागात गीयाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची, म्हणजे जीबीएसची, साथ आली तेव्हा माझ्या धाकट्या भावाला जुलाबानंतर आठवड्याने पायांत अशक्तपणा आला. तो आता काठी घेऊन चालतो. हा आजार पुन्हा होतो का? त्याने फ्लूची लस घ्यावी का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : त्या साथीत दोनशेहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली आणि काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू, तर काहींत नोरोव्हायरस सापडला. पहिल्या पत्रातल्या दुखण्याहून इथली यंत्रणा निराळी आहे आणि ती अधिक स्पष्टपणे समजलेली आहे. कॅम्पिलोबॅक्टरच्या काही जातींच्या आवरणावरची शर्करायुक्त रचना आपल्या नसांच्या आवरणावरच्या घटकासारखी दिसते. जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे त्या साम्याला फसून नसांवर हल्ला करतात. म्हणून जुलाब थांबल्यावर, एक ते चार आठवड्यांनी, पायांपासून वर चढत जाणारा अशक्तपणा येतो. विषाणूंमुळेही हे घडते. फ्रेंच पॉलिनेशियात २०१३-१४ साली झिका या डासांमुळे पसरणाऱ्या विषाणूची साथ आली तेव्हा तिच्यामागोमाग जीबीएसचे ४२ रुग्ण आढळले. यावर इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून मिळवलेली प्रतिपिंडे) देणे किंवा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलणे हे दोन उपचार चालतात. स्टेरॉइडचा उपयोग होत नाही, हे पहिल्या पत्राच्या संदर्भात ध्यानात घेण्याजोगे आहे : संसर्गानंतरच्या सगळ्या दुखण्यांना एकच औषध नसते.

हा आजार पुन्हा होण्याचे प्रमाण शंभरात दोन ते पाच इतके कमी आहे. लसीविषयीची भीती १९७६ साली अमेरिकेत दिलेल्या स्वाइन फ्लूच्या लसीपासून आली. त्या वेळी लस घेतलेल्या एक लाख लोकांमागे जीबीएसचा साधारण एक जादा रुग्ण आढळला होता. भावाचा आजार लसीनंतरच्या सहा आठवड्यांत उद्भवलेला नसून जुलाबानंतरचा आहे, त्यामुळे फ्लूची लस त्याला कायमची वर्ज्य ठरत नाही. आजार पूर्ण स्थिरावल्यावर मेंदूविकारतज्ज्ञांना विचारून ती घेता येईल. काठीबद्दल धीर धरावा. नसा हळूहळू भरून येतात आणि दुसऱ्या वर्षातही सुधारणा होताना मी पाहिली आहे. फिजिओथेरपी तेवढी बंद करू नये.

प्रश्न : तापानंतर प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून आम्ही घरात सगळे गुळवेलीचा काढा घेतो. सांधेदाहाच्या रुग्णाने तो घ्यावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : वरची तिन्ही पत्रे वाचली तर ध्यानात येईल, की या रुग्णांची प्रतिकारयंत्रणा कमजोर नाही, ती थांबायला तयार नाही. तिला आणखी चेतवण्यात काय हशील? शिवाय २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताचा दाह झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली आणि तो दाह ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटल्याने होणाऱ्या, प्रकारच्या दाहासारखा होता. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षांवर आक्षेप घेतला. वनस्पतीची ओळखच नीट पटवलेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तो वाद बाजूला ठेवला तरी, मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या रुग्णाच्या यकृतावर लक्ष ठेवायचे असताना त्यात आणखी एका संशयिताची भर घालू नये, असे माझे मत आहे. घरातल्या रुग्णाचा काढा थांबवावा, यकृताची तपासणी एकदा करून घ्यावी, आणि आतापर्यंत काढा घेत होतो हे डॉक्टरांना सांगावे. ते सांगायचे राहून गेले, तर यकृताचे आकडे वाढलेले दिसताच गोळी दोषी ठरते आणि चालू असलेले योग्य औषध विनाकारण बंद पडते.